उमेदवारीच्या आधीचे तीन महिने

शिकाऊ उमेदवारीविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात जागा किती निघाल्या, विद्यावेतन किती मिळते आणि उमेदवारी संपल्यावर कंपनी कायम करते की नाही, याच प्रश्नांची चर्चा अधिक असते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मात्र ज्या मुलाने नववीत शाळा सोडली, ज्या मुलीच्या घरातले कोणी आजवर कारखान्याच्या फाटकाच्या आत गेलेले नाही, ऊसतोडीच्या हंगामामुळे ज्यांची शाळा दरवर्षी मध्येच तुटत राहिली, त्यांच्या बाबतीत हे प्रश्न निघण्याची वेळच येत नाही. त्यांची उमेदवारी करारावर सही होण्याआधी किंवा सही झाल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांतच संपलेली असते. आयटीआयमध्ये जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायाचा निदेशक म्हणून नोकरी करताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की सरकारला या मुलांसाठी खर्च करायचा असेल तर त्याने तो सर्वांत आधी उमेदवारीपूर्वीच्या तीन महिन्यांवर करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

कायद्याला ही गरज माहीत नव्हती असे नाही. ज्या उमेदवाराने आधी कोणत्याही संस्थेत प्रशिक्षण घेतलेले नाही, त्याला प्रत्यक्ष कामावर पाठवण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण दिलेच पाहिजे, ही तरतूद 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात आहे. 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकाने ते आपल्याच कारखान्यात स्वतंत्र विभाग काढून द्यावे आणि लहान कारखान्यांतील उमेदवारांसाठी सरकारने संस्था उभाराव्यात, अशी मूळ व्यवस्था होती. महाराष्ट्रातील ‘मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रे’ याच तरतुदीची आहेत. आम्ही त्यांना बीटीआरआय म्हणतो. 2014 च्या दुरुस्तीनंतर पुरेशी साधने असलेल्या कोणत्याही संस्थेत हे प्रशिक्षण देता येते.

या काळात शिकवायचे काय, हे बाहेरच्या माणसाला फारसे ठाऊक नसते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. सुरुवात बाकशिकंज्यापासून, म्हणजे लोखंड घट्ट पकडून ठेवणाऱ्या बाकावरच्या पकडीपासून, होते. शिकंजा कोपराच्या उंचीला कसा आणायचा, पाय कोठे ठेवायचे, कानस पुढे नेताना दाब द्यायचा आणि मागे घेताना तो का काढायचा, हे सांगायला दहा मिनिटे लागतात आणि अंगात मुरायला कित्येक दिवस. मग लोखंडाच्या तुकड्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून तो उजेडाकडे धरायचा, फटीतून प्रकाश कोठे येतो ते पाहायचे आणि पुन्हा कानस चालवायची. येथपर्यंत शेतात किंवा सेंट्रिंगवर राबलेली मुले इतरांच्या पुढे असतात, कारण हात कामाला सरावलेले असतात आणि कंटाळा करणे त्यांना परवडलेले नसते.

अडचण येते ती मापाशी. व्हर्निअर कॅलिपरवर 0.02 मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरवर 0.01 मिलिमीटरपर्यंत माप वाचायचे असते. ज्याच्या हातून सहावी-सातवीतले दशांश अपूर्णांक निसटले, त्याला 0.2 आणि 0.02 यांतला फरक कागदावर दिसतो, पण कळत नाही. आणि तो विचारतही नाही, शेजारच्याच्या वहीत डोकावतो. हाच मुलगा सरळ शॉपवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी, गेला की ड्रॉइंग त्याच्या हाती पडते, पहिले दोन-चार जॉब, म्हणजे त्याने घडवलेले भाग, नाकारले जातात, पर्यवेक्षक त्याला झाडलोट आणि माल उचलण्याकडे वळवतो आणि ‘पोरगं कामाचं नाही’ असा शिक्का आठवडाभरात बसतो. पुढच्या महिन्यात तो येत नाही. वास्तविक हे दशांश पट्टी, लोखंडाचा तुकडा आणि कॅलिपर हातात देऊन शिकवले, तर दोन-तीन आठवड्यांत पक्के होतात. शाळेत ज्याला गणित आले नाही, त्याला ते बाकावर येते, हा माझ्या नोकरीतला सर्वांत आनंदाचा अनुभव आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या आणि घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना तर शिकवण्याची मराठीसुद्धा थोडी सावकाश, नीट ऐकू येईल अशी लागते. आणि एवढे केले तर ती कोठेही कमी पडत नाहीत.

आता पैशाकडे वळतो, कारण खरी गळती तेथे होते. 19 ऑगस्ट 2016 रोजी केंद्राने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. विद्यावेतनाचा 25 टक्के हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकारने उचलायचा आणि कोणतेही औपचारिक प्रशिक्षण न घेता थेट आलेल्या उमेदवाराच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी तीन महिने किंवा 500 तासांपर्यंत 7500 रुपये द्यायचे, असे त्यात ठरले. हिशोब केला तर तासाला 15 रुपये होतात. त्याच मार्गदर्शक सूचनांत असेही होते की, मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतनाचा सरकारी हिस्सा मिळणार नाही. म्हणजे ज्या तीन महिन्यांत गरीब घरच्या मुलाचा हात सर्वांत रिकामा असतो, त्याच तीन महिन्यांत सरकारचा पैसा शिकवणाऱ्या संस्थेकडे जात होता आणि शिकणाऱ्याच्या जेवणाखाणाकडे कोणी पाहत नव्हते. ही त्रुटी मला साधी वाटत नाही.

2019 च्या नियमांनी पाचवी ते नववी उत्तीर्ण उमेदवाराला किमान 5000 आणि दहावी उत्तीर्णाला 6000 रुपये विद्यावेतन ठरवले. ते हाती पडते महिना भरल्यावर. चाकण किंवा भोसरीला कॉटबेसिसवर राहायचे तर डिपॉझिट आधी, खानावळीचे पैसे आधी, सेफ्टी शूज आधी आणि बसचा पासही आधी. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर मजुरी दिवसाला नाहीतर आठवड्याला मिळते. ज्या घरात पुढच्या आठवड्याचे धान्य आणायचे आहे, त्या घरातला मुलगा उमेदवारी सोडून मजुरीवर परततो, तेव्हा त्याला चिकाटी नाही असे म्हणणारे लोक मला भेटतात आणि त्यांचे म्हणणे मला पटत नाही. त्याच्याकडे पहिले पाच आठवडे काढण्यापुरते पैसे नसतात, एवढेच त्याचे खरे कारण असते.

दारावरच्या अटी ही तिसरी गोष्ट. शिकाऊ उमेदवारीचे नियम पाचवी उत्तीर्णालाही आत घेतात. महाराष्ट्र शासनाने जुलै 2024 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मात्र 18 ते 35 वयाच्या बारावी उत्तीर्णांना 6000, आयटीआय व पदविकाधारकांना 8000 आणि पदवीधरांना 10000 रुपये विद्यावेतन ठरले, आणि बारावीच्या खाली कोणाला जागाच ठेवली नाही. त्याच वर्षी केंद्राने प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत रुजू होतानाच 6000 रुपये एकदाच देण्याची फार चांगली तरतूद आहे. नेमका हाच पैसा डिपॉझिटला लागतो. पण सुरू करताना तिची वयोमर्यादा 21 ते 24 ठेवली गेली आणि किमान दहावी उत्तीर्ण असण्याची अट घातली गेली. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाने एकविसाव्या वर्षापर्यंत काय करावे? तोपर्यंत तो बहुधा मिळेल त्या कामाला लागलेला असतो आणि तेथून त्याला परत शिकण्याकडे आणणे दुप्पट कठीण होते.

या बाबतीत मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते ती 2014 मध्ये सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, जी महाराष्ट्रात उमेद अभियानामार्फत राबवली गेली. ग्रामीण गरीब कुटुंबांतील 15 ते 35 वयाच्या तरुणांसाठी ती आहे. महिला, दिव्यांग आणि अतिमागास आदिवासी समूहांसाठी वयाची मर्यादा 45 पर्यंत आहे, आणि निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी, एकतृतीयांश महिलांसाठी राखीव आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. नोकरी लागल्यावरही मदत थांबत नाही: स्वतःच्या जिल्ह्यात काम मिळाले तर दोन महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यात मिळाले तर तीन महिने आणि राज्याबाहेर गेल्यास सहा महिने दरमहा 1000 रुपये देण्याची तरतूद योजनेच्या रचनेत आहे, आणि स्थलांतर करणाऱ्यांसाठी सहायता केंद्रांची कल्पनाही आहे. माणूस घरापासून जितका लांब जाईल तितका त्याला आधार अधिक काळ द्यावा, हे ज्याने लिहिले त्याने गावाकडची मुले शहरात कशी कोलमडतात ते नक्की पाहिले असावे. रक्कम आता वाढायला हवी, तत्त्व मात्र तेच ठेवावे आणि उमेदवारीच्या योजनांनाही ते जोडावे.

बाहेरच्या देशांत या टप्प्याला स्वतंत्र योजना म्हणून मान्यता आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात सरकारी खर्चाने चालणारे उमेदवारीपूर्व प्रशिक्षण शिकणाऱ्याला विनामूल्य असते. त्यात शालेय विषयांची उजळणी, सुरक्षेचे शिक्षण आणि शेवटी काही आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो, आणि स्त्रिया, मूळ रहिवासी, नव्याने आलेले स्थलांतरित यांच्याकडे मुद्दाम लक्ष दिले जाते. इंग्लंडने 2013 मध्ये अशीच एक योजना तरुणांसाठी सुरू केली, त्यात ज्यांचे भाषा-गणित कच्चे आहे त्यांना ते शिकवले जाई. पण प्रत्यक्ष कामाच्या काळाचे वेतन देणे मालकावर बंधनकारक नव्हते आणि 2023 मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय योजना म्हणून ती बंद झाली. आपल्यालाही हे अगदी नवे नाही. 1967 मध्ये मुंबईत वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले, त्याच विचारातून आजची जन शिक्षण संस्थाने आली, आणि निरक्षर, नवसाक्षर व शाळा सुटलेल्यांना हुन्नर शिकवण्याचे काम ती करतात. त्यांच्याकडून उमेदवारीच्या करारापर्यंत नेणारी सरळ वाट मात्र अजून घातलेली नाही.

ती घालण्यासाठी नवी इमारत किंवा नवे महामंडळ लागत नाही. बीटीआरआयमध्ये जागा, बाक आणि निदेशक आहेत. तेथे दाखल झालेल्या मुलाला पहिल्या आठवड्यापासून, आठवड्याच्या आठवड्याला निर्वाह भत्ता मिळावा, राहण्याची सोय जवळच्या शासकीय वसतिगृहात व्हावी, मुलींना एकेकटे न पाठवता दोघी-तिघींच्या गटाने एकाच कारखान्यात पाठवावे, आणि कारखान्यात गेल्यावरही सहा महिने एका ठरावीक माणसाने त्यांना दर आठवड्याला फोन करावा. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच सर्वांत आधी गाळली जाते. खोलीमालकाने काढले, विद्यावेतन बँकेत आले नाही, गावाकडे आई आजारी आहे, अशा कारणांनी मुले गळतात, आणि त्यांतली बरीच कारणे कोणीतरी वेळेवर ऐकून घेतले तर दोन दिवसांत सुटणारी असतात.

हे वाचणाऱ्यांत औद्योगिक वसाहतीत लहान युनिट चालवणारे कोणी असतील, तर त्यांना मुद्दाम सांगतो. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती आहे. 4 ते 29 माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे, पण सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदणी करून उमेदवार तुम्हालाही घेता येतो. नववी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी घ्या, पहिल्याच दिवशी जॉब मागू नका, एखाद्या जुन्या कारागिराकडे त्याला दोन महिने सोपवा, आणि पहिल्या महिन्याच्या विद्यावेतनातली काही रक्कम रुजू होतानाच उचल म्हणून द्या.