जंगलावरचा हक्क आणि भाषेवरचा हक्क

नागपुरात स्वनिर्णयाचा, म्हणजे एखाद्या जनसमूहाने आपले राजकीय भवितव्य आपणच ठरवण्याचा, विषय निघाला की बोलणे हमखास वेगळ्या विदर्भावर येते. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने १९५५ साली विदर्भ राज्याची शिफारस केली होती, हे हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास कुणी ना कुणी आठवून देतोच. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य घडवणे हा संसदेचा अधिकार आहे. संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. स्वनिर्णयाच्या कायद्याची खरी कसोटी मला दिसते ती गडचिरोलीच्या गोंड गावांत.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे पहिले कलम सर्व जनसमूहांना स्वनिर्णयाचा हक्क देते. १९७९ साली या करारात सामील होताना भारताने असे निवेदन जोडले की, हा हक्क परकीय अंमलाखालील जनतेपुरताच आहे आणि सार्वभौम देशातील एखाद्या समूहाला तो लागू नाही. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी त्यावर हरकत घेतली. फाळणी सोसलेल्या देशाची ही धास्ती समजण्यासारखी असली, तरी फुटून निघणे वेगळे आणि देशात राहून आपला कारभार आपण पाहणे वेगळे. क्वेबेक प्रांताला कॅनडातून फुटून निघता येईल का, या प्रकरणात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हाच भेद केला.

या दुसऱ्या प्रकारचा स्वनिर्णय आपल्याकडे मागच्या दाराने का होईना, आला आहे. १९९६ चा पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले, आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले ते २०११ मध्ये, आणि माझ्या मते हक्क खरा झाला तो तेव्हा.

भाषेच्या बाबतीत मात्र असे पुस्तक अजून कुणाच्या हाती पडलेले नाही. अनुच्छेद २९ भाषा जपण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५०क मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणासाठी राज्याने ‘प्रयत्न’ करावा असे सांगतो. प्रयत्न झाला नाही तर काय, ते सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांवर असूनही गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही, आणि ज्या नागपूरची स्थापना गोंड राजा बख्त बुलंद शहाने केली, तिथेही या गोष्टीची फारशी चर्चा होत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात यावे लागले. जंगल सांभाळण्यास जी ग्रामसभा कायद्याने सक्षम ठरते, तिने मुलांना घरच्या भाषेत शिकवायचे ठरवले की तिच्याकडे मान्यतेचा कागद मागितला जातो.