तुम्ही विचारलंत म्हणून: हातची सीट का सोडली

दारव्ह्याचा बाजार असो की लग्नाची पंगत, प्रश्न ठरलेला. 'गव्हर्नमेंटला सिव्हिल लागलं होतं ना तुले? मंग बी.एस्सी. कायले केलं?' अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातली सिव्हिलची सीट मी सोडली, त्यावर आजवर 'आवड होती' म्हणून सुटका करून घेतली. ते उत्तर अर्धंच आहे.

आमच्या शिवाराला लागून शकुंतला ही छोटी रेल्वे जायची, मूर्तिजापूर-यवतमाळ. मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आजोबांनी ते पाहिलेलं, मी फक्त डिझेलवालं. रूळ सरकारचे नव्हतेच, खासगी कंपनीचे. वाफ दट्ट्या कशी ढकलते हे मला समजून घ्यायचं होतं. कापूस आमचा, रूळ कंपनीचे, ही काय भानगड, हेही. प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मवर मात्र या दोन्हीसाठी मिळून एकाही शाखेचा कोड नव्हता.

अमरावतीची ही दोन सरकारी कॉलेजं व्हीएमव्ही रोडवरच. इंजिनिअरिंग १९६४ चं, विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ ची. या दुसऱ्या कॉलेजात सायन्स-आर्ट्स एका आवारात. फिजिक्स घ्यायचं आणि मधल्या तासाला इतिहासाच्या वर्गात जाऊन बसायचं, असा माझा हिशेब.

रिपोर्टिंगचा, म्हणजे सीट पक्की करायचा, शेवटचा दिवस. बाबा पहाटेच्या एसटीनं सोबत आले. टीसी, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, झेरॉक्सचे तीन सेट, सगळं बियाण्याच्या पिशवीत. फीचे पैसे कृषी केंद्रवाल्याकडून व्याजानं उचललेले. इंजिनिअरिंगच्या गेटाशी मी म्हणालो, 'बाबा, मी इथं नाही घेत.' ते भडकले असते तर बरं झालं असतं. मी भांडायची तयारी करून आलो होतो. ते समोरच्या टपरीवर जाऊन बसले. चहा बशीत ओतला आणि प्यायलेच नाहीत. बशीवर साय धरली. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'तिकडं फी किती हाय?' सांगितली. तेवढ्याच नोटा मोजून माझ्या हातात दिल्या, उरलेल्यांना पुन्हा रबर लावलं. 'हे आजच वापस करू. व्याज तरी वाचन.' परतताना नेर येईपर्यंत चकार शब्द नाही. नेरला म्हणाले, 'मुंगाचे वडे खातं का?'

आता खरं सांगतो. इतिहासाच्या वर्गात मी तीन वर्षांत अकरा वेळा बसलो. दुपारी प्रॅक्टिकल असायचं, आणि नसायचं तेव्हा झोप यायची. सिव्हिलला गेलेला माझा रूमपार्टनर माझ्यापेक्षा जास्त पुस्तकं वाचायचा. मग सीट सोडली कशासाठी? अठरा वर्षांचा मी लगेच तावातावानं उठतो: 'सर्व्हेइंगच्या शीट घासत बसला असतास!' बसलोही असतो. पण आज तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो, मानधन कधी दिवाळीला तर कधी होळीला येतं, तेव्हा त्या पोराचं ऐकवत नाही. आणि तरीही वर्गात वाफेचं इंजिन आलं की शकुंतला, कापूस, कंपनी असं सगळं निघतं, तास संपतो, पोट्टे उठत नाहीत. याला पगारात कुठं धरतात?

यंदा भाच्याचा फॉर्म भरायला बसलो होतो. त्यानं ओळीनं सगळं इंजिनिअरिंगच टाकलं. मी ज्ञान विज्ञानचं नाव काढलं नाही. बाबा खाटेवर पडले होते, तिथूनच म्हणाले, 'याले सांग ना तुई आवडीची गोष्ट.' चेष्टा होती की खरंच म्हणत होते, विचारायची हिंमत झाली नाही.