पाच युरो, तेही नाव न लिहिता

मे महिन्यात लेकीच्या किटातून, म्हणजे इथल्या जर्मनीतल्या बालवाडीतून, आमच्या गटाच्या पालक-प्रतिनिधीचा निरोप आला. मुलं आता पहिलीत जाणार, म्हणून गटाच्या बाईंना द्यायच्या निरोपाच्या भेटीसाठी प्रत्येक घराने जास्तीत जास्त पाच युरो द्यायचे, मुलांच्या जॅकेटांच्या खुंट्यांशेजारी टांगलेल्या पाकिटात टाकायचे, कुणी किती टाकले याची नोंद ठेवायची नाही, आणि कुणीही आपल्या घरातर्फे वेगळी भेट द्यायची नाही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं.

मला ते लागलं. कपाटात बाईंसाठी इरकली काठाची ओढणी ठेवलेली होती. गर्द हिरवी, लाल काठाची. डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा आईने लक्ष्मी रोडवरून घेतली आणि "माझ्या नातीला सांभाळणाऱ्या बाईला माझ्याकडून दे" असं सांगून माझ्या बॅगेत घातली होती. आता आईला काय सांगायचं?

लेक लाइपझिगच्या या किटात जायला लागली तेव्हा तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून शू, शी, पाणी, भूक आणि 'आई येणार आहे' एवढं मराठी रोमन अक्षरांत लिहून घेतलं आणि तो कागद हात धुवायच्या बेसिनवर चिकटवला. उच्चार वेडेवाकडे यायचे, पण पोरीला कळायचे. 'आई येणार आहे' हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या की गटातली दोन जर्मन मुलंही रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन तेच म्हणायला लागली. अशा बाईचे आभार पाच युरोंच्या वाट्यात, आणि तेही बिननावाने मानायचे, हे मला पटणं शक्य नव्हतं.

नियमाचं कारण मला समजावून सांगण्यात आलं. आमची किटा महापालिकेची. इथल्या सरकारी आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या वेतनकराराच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की कामाच्या संदर्भात बाहेरच्या कुणाकडून बक्षीस किंवा भेट घ्यायची नाही, घ्यायचीच तर नोकरी देणाऱ्याच्या संमतीने. बर्लिनच्या एका शिक्षिकेची हकिकत इथले पालक अजून सांगतात. तिने वर्गाकडून निरोपाला सुमारे 200 युरोंचं एक छोटं शिल्प घेतलं, एका पालकाने तक्रार केली आणि प्रकरण मिटवायला तिला 4000 युरो भरावे लागले. 2015 च्या सुरुवातीला ही बातमी देशभर गाजली. बर्लिनमध्ये तेव्हा मर्यादा 10 युरोंची होती.

हे ऐकून माझा राग कमी झाला नाही, वाढला. लाच आणि कृतज्ञता यांतला फरक ज्या समाजाला नियमानेच ठरवावा लागतो त्याचं मला वाईट वाटलं. माझ्या आत्याची सातारा जिल्ह्यात बालवाडी होती. शेवटच्या दिवशी तिच्याकडे गुळाची ढेप यायची, हरभऱ्याची जुडी यायची, कुणी शेवग्याच्या शेंगा आणायचं. देणाऱ्याच्या पोराला त्यामुळे वर्षभर एक टिंबही जास्त मिळालं नाही, कारण वर्ष तर संपलेलंच असायचं. घरात जे पिकलं त्यातलं बाईंच्या घरी जावं, एवढाच हिशेब. हे मी मोठ्या बाईंना, म्हणजे किटाच्या प्रमुखांना, जमेल तितक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि ज्यांच्या घरी काही पिकलं नाही, ते शेवटच्या दिवशी बालवाडीत यायचे का?"

उत्तर मला माहीत होतं. काही मुलं त्या दिवशी यायची नाहीत.

तरीही आपली बाजू मी सोडणार नाही. मात्र इतकं मान्य करते की गुळाच्या ढेपेपासून आपण आता फार लांब आलोय. पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा ज्या प्रीस्कूलमध्ये होता तिथे मोठ्या गटाचा ग्रॅज्युएशन डे झाला. भाड्याचा काळा झगा आणि टोपी, फोटोंचं पॅकेज, आणि आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टीचरला कोण किती रुपयांचं गिफ्ट कार्ड देतंय याची उघड चर्चा. बहिणीने स्वतः शिवलेली पिशवी न्यायची ठरवली होती, तीही शेवटी दुकानातून खोकं घेऊन गेली. पाच वर्षांच्या मुलाच्या निरोपात त्या मुलाने स्वतः केलेलं काहीच नव्हतं. याचा मला इथल्या ठळक अक्षरांपेक्षा जास्त राग येतो.

ओढणीचं काय झालं ते सांगते. मोठ्या बाईंनी ती हातात घेतली, काठावरून बोट फिरवत नक्षी बघितली, कुठे विणतात विचारलं. मग म्हणाल्या, व्यक्तीला देता येणार नाही, पण गटासाठी म्हणून दिलीत तर मी संमती देऊ शकते. आता ती मुलांच्या नाटकाच्या कोपऱ्यातल्या पेटीत आहे. कधी राजाचा झगा होते, कधी तिचा समुद्र करून त्यात लाकडी होड्या सोडतात. आईला फोटो पाठवला तर ती खूश झाली. मी अजून खूश नाही. मला ती बाईंच्या खांद्यावर बघायची होती.

पण त्या पाच-पाच युरोंमधून आणि मुलांच्या हातांनी जे झालं, ते बघण्यासारखं होतं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं यंदा मोठ्या गटात आहेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

बाईंसाठी पाककृतींची वही केली. प्रत्येक घराने एक पान द्यायचं: मुलाला सगळ्यात आवडणारा पदार्थ, मोठ्यांनी लिहिलेली कृती, मुलाने काढलेलं चित्र. फोटो नाहीत, कारण वर्गाचा फोटो छापायचा तर इथे प्रत्येक पालकाची लेखी संमती लागते, म्हणून मुलांनी स्वतःचे चेहरे काढले. वहीत इथले, सॅक्सनी राज्यातले, बटाटा आणि क्वार्कचे (चक्क्यासारखा पदार्थ) गोड वडे आले, सिरियाच्या घरातली मसुराची आमटी आली, व्हिएतनामी आजीचे स्प्रिंग रोल आले. आमचं पान थालीपिठाचं. इथे भाजणी कुठून आणणार, म्हणून राईचं (मोहरी नव्हे, rye नावाचं गव्हासारखं धान्य) पीठ, गव्हाचं पीठ, बेसन, भाजून कुटलेले धणे-जिरे असं बसवलं, आणि राईने थालीपीठ खरंच खमंग होतं. लेकीने तपकिरी गोल काढला आणि त्यात पाच भोकं अगदी काळजीपूर्वक रंगवली. भोकं कशाला, असं तिच्या मैत्रिणीने विचारल्यावर "तेल आत जायला" हे तिने तिला जर्मनमध्ये सांगितलं. प्रत्येक पानाखाली त्या पदार्थातले गहू, दूध, अंडं, दाणे वगैरे लिहायचं होतं, अ‍ॅलर्जीसाठी. छपाई आणि शिवण धरून अर्धे पैसेही लागले नाहीत. उरलेल्यातून किटाच्या बागेत लाल योहानिसबेरीचं (रेडकरंटचं) एक झुडूप लावलं.

वहीवर कुणा एका घराचं नाव पुढे नाही, तरी प्रत्येक घर त्यात दिसतं. बाईंनी माझ्यासमोर थालीपिठाचं पान उघडलं आणि राईचं पीठ किती जाड घ्यायचं ते विचारलं. त्या क्षणी मला पाच युरोंचा राग आठवला नाही, हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं.

आणि मुलांसाठी ते शंकूंचं झाड! जर्मनीत पहिलीत जाणाऱ्या मुलाला आईवडील कागदाचा मोठा शंकू भरून देतात, ही प्रथा 19 व्या शतकाच्या सुरुवातीला याच भागात, सॅक्सनी आणि थुरिंगियात, रुजली. पूर्वेकडचा शंकू षट्कोनी आणि 85 सेंटीमीटरचा, पश्चिमेकडचा गोल आणि 70 चा, असं इथली मंडळी अभिमानाने सांगतात. त्याआधी किटा जूनमध्ये स्वतःचा छोटा सण करते. मुलांना सांगतात की बागेतल्या झाडाला शंकू लागतात आणि ते पिकले की शाळेत जायची वेळ होते. एका सकाळी आमच्या किटातल्या झाडाला अंगठ्याएवढे, तोंडाला क्रेप कागद बांधलेले शंकू दिसले. मुलांनी झारीने पाणी घातलं. काही दिवसांनी शंकू वितीएवढे झाले. ते कुणीतरी बांधतं, हे आमच्या पोरीला कळत असणार, पण पाणी घालायचं तिने एकदाही चुकवलं नाही. सणाच्या दिवशी तोडणी झाली. आत एक पेन्सिल, खोडरबर, सूर्यफुलाच्या बिया आणि बाईंनी प्रत्येकासाठी स्वतः लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. त्याच रात्री ही मुलं बॅटऱ्या घेऊन किटातच झोपली, त्याचं वर्णन लेकीकडूनच ऐकावं.

यातलं आपल्याला परकं काय आहे? जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने बालोद्यान काढलं ते बाड ब्लांकेनबुर्ग थुरिंगियातच, 1837 साली, आणि 'किंडरगार्टन' हे नाव त्याने 1840 मध्ये दिलं. पण पानं, खडे, शिंपले घेऊन मुलांची साधनं करायचं काम बोर्डीला 1945 पासून आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही करून दाखवलं, आणि ते अशा घरांतल्या मुलांसाठी, ज्यांच्याकडे पाच रुपयेही नव्हते. आपल्याला झगा आणि टोपी उसनी आणायची गरज नव्हती. म्हणून इथलं काही आवडलं की मला कौतुकाबरोबर चीडही येते.

बहिणीची धाकटी येत्या मार्चमध्ये मोठा गट संपवेल. तिला मी सगळं लिहून पाठवलंय. तिथे वही जमेल, आणि मुलांच्या कुंड्यांत कोथिंबीर, मेथी पेरायची तर तीन आठवडे आधी सुरुवात करावी लागेल. पैशांचं पाकीट एकच, बिननावाचं. त्यात टीचरबरोबर मावशींचा वाटा धरायचाच, कारण शू झालेली चड्डी बदलणाऱ्या त्याच असतात आणि ग्रॅज्युएशनच्या फोटोत त्या कधीच नसतात. आमच्या वहीची पहिली प्रत स्वयंपाकघरातल्या बाईंना गेली, हे मोठ्या बाईंनी सुचवलं होतं. बहीण म्हणते, ग्रुपवर अर्ध्या आया विरोध करतील. करू देत, पण निरोप तिने आत्ताच टाकावा, मार्चमध्ये टाकला तर गिफ्ट कार्डं आधीच घेऊन झालेली असतील.