साखळी पुलावरच्या मावशी

टूर मॅनेजर म्हणून बुडापेस्टला मी बरेचदा गेलोय. तिथला साखळी पूल म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम: दगडी सिंहांसोबत फोटो, चालत पलीकडे, की बस. त्या ऑक्टोबरात मात्र स्थानिक गाइड ऐन वेळी आजारी पडली आणि तीस जणांपुढे मलाच उभं राहावं लागलं.

आकडे पाठ होते. आराखडा विल्यम टियर्नी क्लार्कचा, काम करून घेतलं अॅडम क्लार्कने, मधला गाळा 202 मीटर, 1849 मध्ये खुला. मंडळींचं लक्ष फोटोंत. मग म्हटलं, मुळापासून सांगू.

डिसेंबर 1820. काउंट इश्तवान सेचेनी, ज्याच्या पुढाकाराने पुढे हा पूल झाला, वडिलांच्या अंत्यविधीला निघालेला. बुडा आणि पेश्त तेव्हा वेगळी गावं, मध्ये डॅन्यूब. होड्या जोडून केलेला पूल असे, पण हिवाळ्यात तो काढून ठेवत. नदीत बर्फ वाहत होतं, पलीकडे जायची सोयच नाही. आठवडाभर तो काठावर अडकून पडला.

"आमची होडी बंद व्हायची तशीच," मागून रत्नागिरीकडच्या एक मावशी म्हणाल्या. त्यांचं माहेर खाडीपलीकडे. वडील श्रावणात गेले, खाडी खवळलेली, दोन दिवस होडी सुटलीच नाही. "पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं रे."

पुलाच्या मध्यावर साखळी खाली कठड्याशी येते. मावशी तिथे थांबल्या, तळवा टेकवला. साखळी म्हणजे गोल कड्या नव्हेत. लांब पट्ट्या उभ्या, एकीला लागून एक, टोकांना जाड पिनेत ओवलेल्या. सायकलच्या चेनचीच रचना, फक्त राक्षसी. जुनं लोखंड 1915 पर्यंत बदलून पोलाद घातलं. जानेवारी 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने पूल उडवला, आणि पहिल्यांदा खुला झाल्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी, 20 नोव्हेंबर 1949 ला, तो पुन्हा खुला झाला. या पुलावर उमरावांनाही टोल भरावा लागे, एरवी ते करमुक्त. मला ही गोष्ट त्या 202 मीटरपेक्षा मोठी वाटते.

"मग तो गेला का रे पुलावरून?"

हे मी गटाला कधीच सांगत नाही, सहलीत नको वाटतं. पण त्यांनी सरळ विचारलं होतं. सांगितलं: 1848 च्या क्रांतीच्या धामधुमीत सेचेनीचं मन खचलं, सप्टेंबरात त्याला व्हिएन्नाजवळ ड्योब्लिंगच्या मनोरुग्णालयात नेलं. पुढच्या वर्षी पूल सुरू झाला तेव्हा तो तिथेच होता. पुरा झालेल्या पुलावर तो कधीच चालला नाही. 1860 मध्ये ड्योब्लिंगलाच वारला.

मावशींनी हात काढला नाही. पलीकडून ड्रायव्हरचे फोन येत होते, मी घेतले नाहीत.

रात्रीच्या क्रूझवर आमची बोट दिवे लागलेल्या पुलाखालून दोनदा गेली. सगळे खाली जेवायला उतरले तरी मावशी डेकवर, वाऱ्यात, शाल घट्ट गुंडाळून बसलेल्या. त्यांचं ताट मी वरच नेऊन दिलं.