सांगोल्यातला रविवार आणि १९२ मतं

सांगोल्याला जायचं तर रविवारी जावं. त्या दिवशी तिथे जनावरांचा बाजार भरतो. खिल्लार बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, दावी-कासरे विकणारे, चहाच्या गाड्या, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे हेडी. मला बैलातलं काही कळत नाही. आदत, दुस्सा, चौसा हे शब्द ऐकत मी मान डोलावत होतो. मला ओढ होती ती विधानसभेच्या २५३ क्रमांकाच्या मतदारसंघाची, म्हणजे सांगोला तालुका आणि त्याला जोडलेली पंढरपूर तालुक्यातली काही गावं.

पंढरपूरहून एसटीने निघालं की थोड्याच वेळात हिरवा रंग विरळ होतो. बाभळी, बोरी, खडकाळ माळ. मग अचानक डाळिंबाच्या बागा लागतात, उन्हापासून वाचवायला पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या ओळी आणि शेजारी प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. देशातली शंभरावी किसान रेल्वे डिसेंबर २०२० मध्ये याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली होती. आता शेजारच्या सीटवरचे काका बागांकडे बोट दाखवून डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल आणि खोडकिडीबद्दलच बोलत होते. "बाग हाय तवर हाय," एवढंच म्हणाले.

या माळावर गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. मतदारसंघही एकच. १९६२, १९६७, मग १९७२ ला पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय, १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पराभव. आणि १९९९ पासून २०१४ पर्यंत सलग चार. तिकडे केरळात के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, त्यामुळे 'देशात एकमेव' वगैरे फलकांवरची विशेषणं मी जरा बाजूला ठेवतो. पण माणींच्या पक्षाची तिथल्या सत्तेत सतत ऊठबस होती. गणपतरावांची, म्हणजे इथल्या लोकांच्या आबासाहेबांची, बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, असं दोनदाच मंत्रिपद. माझ्या मते हे अकरा या आकड्यापेक्षा जास्त अवघड आहे.

बाजारातल्या चहाच्या गाडीवर मी विषय काढला, आणि मग काढावा लागला नाही. प्रत्येकाकडे आबांची एसटीतली आठवण होती. सगळ्या खऱ्या असतील असं नाही. पण एसटीने मुंबईला जाणारा आमदार म्हणून ते राज्यभर ओळखले जायचे, हे खरंच. एक म्हातारे धोतरवाले आजोबा मात्र एसटीवर थांबले नाहीत. "गाडीचं काय घिऊन बसलाय. पान्याचं बोला," म्हणाले.

ते बरोबर होतं. सांगोल्याचं राजकारण पाण्यावर चालतं. कृष्णेचं पाणी दुष्काळी तेरा तालुक्यांना मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद उभी केली, त्यात आबा पुढे होते. टेंभू योजना म्हणजे कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत इकडच्या माळांवर आणायचं. पाणी कुठल्या गावाच्या ओढ्यात सुटलं आणि कुठल्या गावाला अजून तारीखच मिळतेय, यावर इथली मतं हलतात. पक्षाचा रंग त्यानंतर.

बाहेरच्यांना सांगोला म्हणजे एका माणसाचा अभेद्य किल्ला वाटतो. मलाही आकडे पाहीपर्यंत तसंच वाटायचं. १९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबांना हरवलं ते १९२ मतांनी. त्यानंतर बापू हरत राहिले, पक्ष बदलला, तरी उभे राहत गेले. २०१९ ला वयामुळे आबा थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले, आणि शिवसेनेकडून लढलेले बापू जिंकले. फरक ७६८. दोन्ही विजयांची बेरीज ९६०. एखाद्या मोठ्या मतदान केंद्राच्या यादीतच याहून जास्त नावं असतात. किल्ला कसला, दर निवडणुकीला घासाघीस. आबा इतकी वर्षं जिंकत होते त्यामागे ही धाकधूक असणारच, आणि गावोगाव फिरणं त्यातूनच आलं असणार असं मला वाटतं.

जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडावेळी गुवाहाटीतून बापूंचं 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' आलं आणि महाराष्ट्राला सांगोल्याचा आमदार तोंडपाठ झाला. गाडीवर मी ते वाक्य म्हणून पाहिलं. दोघं हसले, तिसऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्याकडं झाडी न्हाय म्हणूनच त्येला ती दिसली," पहिला म्हणाला. यात टोमणा होता की कौतुक, मला ठरवता आलं नाही. बोलीतला तो मोकळेपणा इथे सगळ्यांकडेच आहे, आणि बापू आजही गर्दी जमवतात, हेही त्याच गाडीवर ऐकलं.

आबा ३० जुलै २०२१ ला गेले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी बापूंना पंचवीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. यावेळी मोजणीच्या शेवटच्या फेरीपर्यंत जीव टांगणीला लागला नाही. राज्यात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा. रायगडात, जिथे या पक्षाचं एकेकाळी राज्य होतं, तिथे हाती काही लागलं नाही. लाल बावटा उरला तो समुद्रापासून लांब, या कोरड्या माळावर.

दुपारी सूतगिरणीच्या बाजूला चक्कर मारली. तालुक्यात कापूस पिकत नाही आणि गिरणी चालते, हे इथले लोक फार अभिमानाने सांगतात. रिक्षावाल्याने मला ते सांगितलं, मग आमदार नवे आहेत, पोरगं शिकलेलं आहे, असंही सांगितलं. "पण आमच्या गावाला पानी कधी, त्ये इचारलंय त्येला," म्हणाला आणि भाड्याचे वीस रुपये जास्त घेतले.