हिरवा पडलेला स्विमिंग पूल: क्लोरीनचं काम वेगळं, फिल्टरचं वेगळं

कर्जत, लोणावळा, अलिबागकडच्या बंगल्यांतले पूल जुलै-ऑगस्टमध्ये हिरवे पडतात ते नुसत्या पावसाने नाही. वीज जाते, पंप दोन दिवस बंद राहतो, पागोळ्यांबरोबर पालापाचोळा आणि लाल माती पाण्यात उतरते आणि उरलंसुरलं क्लोरीन त्या पाल्यावरच खर्च होतं. पाणी कोमट, क्लोरीन शून्य. शेवाळाला आणखी काय हवं? दोन-तीन दिवसांत तळाची, पाणी ओढून घेणारी जाळी दिसेनाशी होते. मग पूलवाल्याला फोन जातो आणि तो एकाच दुपारी हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीनचा) कॅन, किलोभर तुरटी आणि वर मोरचूद असं सगळं ओतून मोकळा होतो. चौथ्या दिवशी पाणी गडद हिरव्याचं फिकट हिरवं झालेलं असतं, बाकी जैसे थे.

असं होतं कारण हिरवेपणा आणि गढूळपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जिवंत शेवाळ मारायचं काम क्लोरीनचं, आणि मेलेलं शेवाळ पाण्यातून बाहेर काढायचं काम फिल्टरचं. पहिलं एक-दोन दिवसांत होतं, दुसऱ्याला तीन-चार दिवस लागतात. लोक पहिलं अर्धवट सोडतात आणि दुसऱ्याला वेळच देत नाहीत.

सुरुवात औषधाने नाही, मापाने करायची. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला १,००० ने गुणलं की लिटर मिळतात. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ४०,००० लिटर. पुढची सगळी मापं याच पूलची आहेत, तुमच्या पूलच्या हिशेबाने कमी-जास्त करा. १ पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, ढोबळमानाने लिटरला एक मिलिग्रॅम. ४०,००० लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन, हे एकदा डोक्यात बसलं की डबीवरची ‘दोन झाकणं’ छापाची मापं लागत नाहीत.

जाळीने पानं काढा. तळाशी बसलेला पाल्याचा थर दिसत नाही, पण खोल जाळी तळावरून हळूच ओढली तर काळा लगदा वर येतो. तो निघेल तेवढा काढा, कारण तो आत असेपर्यंत टाकलेलं निम्मं क्लोरीन त्याच्याच पोटात जाणार. पंपाच्या पुढची बास्केट आणि स्किमरची (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या भिंतीतल्या तोंडाची) टोपली रिकामी करा.

आता पीएच. बोअरचं पाणी दख्खनच्या खडकातलं, जड. त्यामुळे पूलचा पीएच बहुतेक वेळा ८ च्या आसपास सापडतो. ८ ला क्लोरीनचा जेमतेम पाव भाग मारक रूपात असतो, ७.२ ला सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे पीएच न उतरवता ओतलेला हायपो बराचसा नुसता पाण्यात बसून राहतो. ॲसिड, म्हणजे बाजारातलं ३०-३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक, ४०,००० लिटरला एका वेळी अर्धा लिटरच घ्या. बादलीभर पाण्यात ते ओता (ॲसिडवर पाणी कधीच नाही), रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं त्या) तोंडाशी पसरवा, तासभर पंप चालवून परत मोजा. सामान्य अल्कलिनिटीच्या (पीएच सहज हलू न देण्याच्या ताकदीच्या) पाण्यात एवढ्याने पीएच ८ वरून साडेसातच्या आसपास येतो. ७.२ पर्यंत न्यायचा आणि तो क्लोरीन टाकण्याआधीच न्यायचा. क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएच मोजायचे फिनॉल रेडचे थेंब जांभळट रंग दाखवतात आणि पीएच आहे त्याहून जास्त वाटतो. त्यावर विश्वास ठेवून पुन्हा ॲसिड ओतणारे कमी नाहीत.

यानंतरची गोष्ट पूलवाला सहसा बोलत नाही: सायन्युरिक ॲसिड. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) पांढऱ्या क्लोरीन-गोळ्या सोयीच्या असतात, पण प्रत्येक गोळीबरोबर ते पाण्यात जातं आणि क्लोरीन खर्च झालं तरी ते मागे राहतं. ४०,००० लिटरमध्ये एक किलो टीसीसीए गेलं की सायन्युरिक जवळजवळ १४ पीपीएमने वाढतं. महिन्याला एक किलो धरलं तरी वर्षात दीडशेच्या पुढे, बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना) गेलं तेवढं वजा. थोडं असणं चांगलं, ३० ते ५०, कारण उन्हात ते क्लोरीनला सांभाळतं. अजिबात नसेल तर थेट उन्हात निम्मं क्लोरीन तासाभरात उडून जातं. पण १०० च्या पुढे ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की थेंबांच्या चाचणीत ३ पीपीएम दिसत असताना पूल हिरवा असतो. ‘क्लोरीन आहे, तरी हिरवं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. सायन्युरिक मारणारं भरवशाचं औषध नाही. पाणी बदलणं हाच व्यवहार्य उपाय. १२० वरून ४० वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी जायला हवं.

मात्र पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पूल एकदम रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, आणि आतलं वजन गेलं की खालचा दाब टाकी उचलतो. फायबरचा पूल अक्षरशः वर येतो, काँक्रीटच्या पूलला तडे जातात. पाव-पाव करत बदला, किंवा तेवढं काम उन्हाळ्यावर ठेवा.

क्लोरीन किती, हे सायन्युरिकवर ठरतं: त्याच्या साधारण ४० टक्के. सायन्युरिक ३० असेल तर १२ पीपीएम, ५० असेल तर २०. आपल्या पूलमध्ये १२ पीपीएम म्हणजे ४८० ग्रॅम क्लोरीन. दहा टक्क्यांचा ताजा हायपो असेल तर पावणेपाच-पाच लिटर. पण उन्हात ठेवलेला, दोन महिने जुना कॅन सहा टक्क्यांवर आलेला असू शकतो, मग तेच काम आठ लिटरला जातं. म्हणून कॅनवरची तारीख बघून घ्या आणि टाकल्यावर मोजा. ६५ टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट पाऊण किलो लागेल. साधी ब्लीचिंग पावडर ३३ टक्क्यांची, म्हणजे दीड किलो, पण ती थेट टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी तेवढं ओतायचं, नाहीतर गढूळ पाण्यात आपणच चुन्याची भर घालतो. हे काम टीसीसीएने करू नका, कारण वर सांगितलंच.

औषध सूर्य मावळल्यावर टाका, पंप चालू ठेवून. मग ब्रश. मोझाइक टाइल्स आणि फायबरला नायलॉनचा. तारेचा ब्रश फक्त उघड्या प्लास्टरला. भिंती सगळेच घासतात. शेवाळ परत येतं ते शिडीच्या मागून, दिव्याच्या खोबणीतून, पायऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून आणि टाइल्सच्या फटींतून. दिव्याची चकती पुढे काढून मागे ब्रश फिरवला तर हिरव्या धुराचा लोट बाहेर येतो. अर्थात दिव्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद. कडेने वाहणारा ओव्हरफ्लो पूल असेल तर बॅलन्सिंग टँकचं (वाहून गेलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीचं) झाकण उघडा. अंधार असतो म्हणून तिथे शेवाळ कमी, पण गाळ आणि सडका पाला भरपूर साचतो. तो उपसला नाही तर पूल चार दिवसांत पुन्हा हिरवा.

टाकलेलं क्लोरीन दोन-तीन तासांत गायब होईल. ते वाया गेलेलं नाही, शेवाळावर खर्च झालेलं आहे. मोजा आणि परत १२ वर न्या. पहिल्या दिवशी हे तीन-चारदा करावं लागतं. आणि इथेच बहुतेकांचं चुकतं: एकदा मोठा डोस टाकून दोन दिवस वाट बघतात, तेवढ्यात पातळी शून्यावर येते आणि उरलेलं शेवाळ परत फोफावतं. पिवळ्या थेंबांचा स्वस्त किट ३ पीपीएमपर्यंतच दाखवतो, तेव्हा एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून मोजा आणि आकडा पाचने गुणा. ढोबळ असतं, पण चालतं. गुलाबी रंगाचा डीपीडी किट जास्त चांगला, कारण तो खर्च झालेलं क्लोरीन आणि मोकळं क्लोरीन वेगळं दाखवतो. त्याची एक खोड लक्षात ठेवा: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळीतलं पाणी बिनरंगाचं दिसतं. ते शून्य नव्हे.

शेवाळ मेलं की हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी, दुधाळ होतं. दिसायला आधीपेक्षा वाईट, पण हीच चांगली खूण. खात्री करायची तर रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन यायच्या आत परत मोजा. घट १ पीपीएमच्या आत असेल तर खाणारं कुणी उरलेलं नाही. जास्त असेल तर पातळी टिकवून आणखी एक दिवस.

दुधाळ पाण्यावर आणखी क्लोरीन ओतून काही होत नाही. आता फिल्टर. पंप तासाला १२-१५ हजार लिटर फिरवत असेल तर साधारण तीन तासांत एक फेरी होते, पण स्वच्छ झालेलं पाणी परत त्याच पूलमध्ये मिसळत असल्यामुळे एका फेरीत जेमतेम ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं. तीन फेऱ्यांनी ९५ टक्के. म्हणून रोज चार तास पंप चालवून हे निवळत नाही. पाणी साफ होईपर्यंत चोवीस तास चालू ठेवा. वीज गेली तर तेवढे तास पुढे भरून काढा.

फिल्टरच्या टाकीतली वाळू स्वच्छ असताना प्रेशर गेजचा आकडा लिहून ठेवा. त्याच्या वर अर्धा बार चढला की बॅकवॉश. मेलेल्या शेवाळाने हे दिवसातून दोन-तीनदा करावं लागेल. मल्टिपोर्ट, म्हणजे फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, बॅकवॉशवर ठेवा: त्याच्या काचेच्या डोळ्यात पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स (खळबळणं), मगच फिल्टर. रिन्स वगळलं की सुटलेली घाण थेट पूलमध्ये. मल्टिपोर्टचा दांडा पंप बंद केल्याशिवाय फिरवायचा नाही. चालू पंपावर फिरवला की आतलं चाकासारखं गॅस्केट फाटतं. मग फिल्टरवर असतानाही वेस्टच्या (पाणी बाहेर टाकणाऱ्या) पाइपातून पाणी झिरपतं, किंवा गढूळ पाणी वाळूला वळसा घालून तसंच परत येतं. चार दिवस फिल्टर चालवूनही फरक नसेल तर आधी तो पाइप बघा, मग टाकी उघडून वाळूत हात घाला. वर चुन्याची पापडी, आत मातीचे गोळे किंवा बोटभर बिळं सापडली तर वाळू बदलायची वेळ झाली. रिटर्नमधून वाळू येत असेल तर फिल्टरच्या तळाचं लॅटरल (बारीक चिरांची नळी) तुटलंय.

तुरटी कधी? पंप कमजोर असेल, वीज बेभरवशाची असेल किंवा पाण्यात लाल मातीची बारीक गढूळी असेल तेव्हा. ४०,००० लिटरला एक किलो, कुटून बादलीत पूर्ण विरघळवून. पीएच साडेसातच्या आत आणि अल्कलिनिटी निदान ८० पीपीएम हवी, कारण एक किलो तुरटी त्यातली दहा-बारा खाते. पीएच चढा असेल तर तुरटीचा गोळा बनत नाही, पाणी नुसतं धूसर राहतं. मल्टिपोर्ट रीसर्क्युलेटवर (पाणी वाळूतून न जाता फिरेल असं) ठेवून तासभर फिरवा, मग पंप बंद आणि रात्रभर पाण्याला हात नाही. सकाळी तळावर राखाडी कापसासारखा थर बसलेला दिसेल. तो व्हॅक्यूम करताना मल्टिपोर्ट वेस्टवरच; फिल्टरवर घेतला तर तो चिकट गाळ वाळूचं सिमेंट करतो. व्हॅक्यूमचं डोकं इतकं हळू सरकवा की कंटाळा यावा. जरा घाई केली की थर उठतो आणि दुसरी रात्र जाते. पाणी दहा-पंधरा सेंटिमीटर कमी होईल, भरायची सोय आधी बघून ठेवा. क्लॅरिफायरची (बारीक कण एकत्र आणणाऱ्या औषधाची) बाटली वापरत असाल तर मापापेक्षा जास्त घालू नका; जादा झालं की कण एकमेकांना चिकटायचे थांबतात आणि पाणी आणखी धूसर होतं.

पांढऱ्या बादलीत पाणी घेतल्यावर ते आरपार दिसतंय, तरी हिरवट आहे? मग ते शेवाळ नव्हे, तांबं. बागायतदार बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी आणतात तेच मोरचूद (कॉपर सल्फेट) कुणीतरी मुठीने टाकलेलं असतं. ते उडून जात नाही. पीएच चढला की टाइल्सच्या फटींतल्या ग्राउटवर निळे-काळे डाग पाडतं. क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं झालं तर बोअरच्या पाण्यात लोह आहे. गंजलेलं लोह फिल्टर आणि तुरटी मिळून बरंच काढतात. तांब्यासाठी मात्र पाणी बदलणं बरं.

पंपरूममध्ये ॲसिड आणि हायपो शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू. टीसीसीएची पावडर आणि ब्लीचिंग किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एका बादलीत, एकाच डावानेही नाही. ओलसर मिश्रण पेट घेतं. गोळ्यांच्या फ्लोटरमध्ये (तरंगत्या डबीत) दुसरं काही घालू नका. हे काम माळी करणार असेल तर हातमोजे आणि चष्मा त्याच्या हातात द्या, पंपरूमच्या खिळ्याला अडकवून ठेवू नका.

बॅकवॉशचं आणि वेस्टचं क्लोरीनचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात सोडायचं नाही. आणि पाण्यात उतरायचं ते सर्वांत खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसल्यावर, क्लोरीन ५ च्या खाली आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आल्यावर. त्याआधी नाही, पाहुणे दारात आले असले तरी: गढूळ पाण्यात बुडालेलं माणूस काठावर उभ्या असलेल्याला दिसत नाही.