कुलूप शाबूत, सायकल गायब

गेल्या जुलैत एका सकाळी पार्किंगमध्ये उतरले, तर पाण्याच्या पाइपाला माझं नंबर-लॉक नुसतंच लोंबत होतं. चारही आकडे मी रात्री फिरवून ठेवले तसेच. वायर तेवढी मधोमध कापलेली. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, कुलूप तर फोडलेलंच नाही!" खरं होतं. चार आकड्यांच्या 10,000 जुळण्या लावत कोण बसतंय? वरच्या निळ्या प्लास्टिकमुळे वायर जाडजूड दिसायची, आत निघाला केसांएवढ्या तारांचा पीळ. शिवाय तो पाइप पीव्हीसीचा. वायर नसती कापली तर पाइप कापला असता.

दुसरी सायकल जुनीच घेतली, पण कुलपाच्या बाबतीत चिकट व्हायचं नाही असं ठरवलं. नौपाड्यातल्या सायकलवाल्याने यू-लॉक (इंग्रजी U सारखं वाकवलेल्या जाड दांड्याचं कुलूप) आणि साखळी दोन्ही दिली, "चार दिवस वापरा, नको ते परत आणा." पट्ट्यांचं घडीचं कुलूपही दाखवलं. देखणं होतं. किंमत ऐकून हळूच खाली ठेवलं.

साखळी घरी नेताना भाजीवालीच्या काट्यावर ठेवली. दोन किलोला शंभर ग्रॅम कमी. "यापेक्षा कांदे न्या," ती म्हणाली. स्टेशनपर्यंत पाठीवर वाहून बघितली. दुसऱ्या दिवशी खांदा बोलायला लागला. यू-लॉक हलकं, शिवाय सायकलच्या दांड्यालाच अडकतं. पण ते बांधायचं कशाला? तलावपाळीला झाडाला लावायला गेले, तर खोड मावेना. विजेचा खांबही मावेना. आपल्याकडे सायकल बांधायला स्टँड असतो कुठे! शेवटी स्टेशनजवळ एक लोखंडी ग्रिल सापडली, तिथे बसलं. मागच्या चाकाची रिम आणि ग्रिल एकत्र अडकवायची, तीही फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत. मग चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात. पुढचं चाक नुसती खिटी फिरवून निघायचं, तिथे साधा नट बसवून घेतला.

चार दिवसांनी दोन्हींचे पैसे दिले. साखळी पार्किंगमध्येच असते, जिन्याच्या लोखंडी कठड्याला, त्यामुळे वजनाचा प्रश्न मिटला. ती जमिनीवर लोळू द्यायची नाही, एवढं सायकलवाल्याने बजावलंय: कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून वरून अंगाचा भार टाकला, की कापणाऱ्याचं काम सोपं होतं. पावसाळ्यात किल्लीच्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन कुणी आलाच, तर यातलं काहीच टिकणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं. माल विकणाऱ्याने असं सांगावं, म्हणून मला तो माणूस आवडला.

वॉचमनकाकांना साखळी एकदम पसंत आहे. "आता कापायला आले ना ताई, तर खणखण आवाज होईल. मला जाग येईल."